मागची डावी काच

ड्रायव्हरच्या दारावरचं बटणांचं पॅनल इतकं चकाचक होतं, की मला तिथंच खटकलं.

बाकीची गाडी म्हणजे अगदी शेतकऱ्याची गाडी होती. पायाखाली वाळलेलं शेण, डॅशबोर्डवर बोटभर धूळ, मागच्या सीटखाली पेंडीचं रिकामं पोतं, डिकीत दुधाच्या किटल्या. आणि या सगळ्यात खिडक्यांच्या बटणांचं पॅनल तेवढं शोरूममधून आत्ताच आणल्यासारखं. मी त्यावरून बोट फिरवलं. बोट जरासं अडखळलं.

“आबा, हे कुणी पुसलं?”

“मीच. का?”

“काही नाही, सहज.”

“काम बगा पावणं. दुपारच्या गाडीनं पोरगी यायची हाय जयसिंगपूरस्नं. ह्याच गाडीतनं तिला आणाय स्टँडवर जायाचं हाय. त्याच्या आत काच खाली आली पायजे.”

मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. गाडीचं इंजिन माझं नाही, टायर माझे नाहीत. गाडीत जिथं जिथं वायर जाते, तेवढं माझं. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं गॅरेज आहे आणि मी कुणाच्या घरी जाऊन काम करत नाही, हे गिऱ्हाइकांना पाठ आहे. घरी गेलं की हवं ते हत्यार नेमकं गॅरेजमध्ये राहतं, चहा तेवढा चारदा येतो, आणि घरातलं प्रत्येक माणूस डोक्याशी उभं राहून मला माझं काम शिकवतं.

पण दिनकर आबा आमच्या दूधवाल्याचे सख्खे मामा. कळंब्याच्या पलीकडे राहतात, तळ्याच्या अंगाला त्यांचा ऊस आहे, दारात म्हशी आहेत. सकाळी त्यांचा फोन आला. फोन कानापासून हातभर लांब धरला, तरी आमच्या स्वयंपाकघरात ऐकू जात होतं.

“मागची डावी काच खाली येत न्हाई. घरी या.”

“गाडी चालते ना?”

“पळतीया की चांगली.”

“मग आणा गॅरेजला.”

“न्हाई. गाडी दारातनं हलवायची न्हाई. तुमीच या.”

काच खाली येत नाही म्हणून गाडी हलवायची नाही, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. उन्हात जरा उकडेल, एवढंच. पण दूधवाला दारातच उभा होता आणि हात जोडत होता. मी गाडीचं मॉडेल विचारून घेतलं, त्याच मॉडेलचं एक चांगलं पॅनल माझ्याकडे पडून होतं ते पिशवीत टाकलं आणि स्कूटर काढली.

अंगणात शिरलो तेव्हा पायरीवर एक मुलगी बसली होती. पहिली-दुसरीतली असेल. डोक्याला आजीचा स्कार्फ घट्ट गुंडाळलेला. एवढ्या उन्हात स्कार्फ कशाला, म्हणून मी विचारलं. आतून आबांच्या बायकोनं, काकूंनी, उत्तर दिलं, “कान दुखतोय तिचा.” घरी मेकॅनिक आला की मुलं पिशवीत डोकावतात, हे काय ते काय विचारून भंडावतात. ही जागची हलली नाही. गाडीकडे तर तिनं बघितलंच नाही.

असो. आता काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

पॉवर विंडो म्हणजे दाराच्या आत बसवलेली एक छोटी मोटर. तिला दोन वायरी. एकीला करंट दिला की काच वर, दुसरीला दिला की खाली. बटण एवढंच ठरवतं, की कुठल्या वायरीला द्यायचा. बटणावरचं बोट काढलं की आतली स्प्रिंग त्याला परत मधे आणते, करंट तुटतो आणि काच असेल तिथं थांबते. बाकी काही नाही.

काच खाली येत नाही म्हटलं की बहुतेक वेळा मोटर गेलेली असते, नाहीतर काच ओढणारी तार तुटलेली असते. मी मागचं दार उघडलं. आतलं कव्हर काढलं, त्याला आम्ही डोअर पॅड म्हणतो. तार शाबूत होती. मोटरला हात लावला, तर ती गरम होती.

गाडी सकाळपासून बंद होती म्हणे. मग मोटर गरम कशी?

“चावी कुणी फिरवली होती का?”

“मीच बघत हुतो मगाशी, येतीया का खाली ते.”

मी टेस्ट लॅम्प काढला. हे आमचं सगळ्यात साधं हत्यार. एक छोटा बल्ब, त्याला एक सुई आणि एक वायर. वायरीला करंट आहे का बघायचं, तर सुई टेकवायची. असेल तर बल्ब लागतो.

“आबा, पुढं बसा. चावी ऑन करा. पण बटणाला हात लावू नका.”

त्यांनी चावी फिरवली. मी मोटरच्या ‘वर’च्या वायरीला सुई टेकवली. बल्ब लख्ख लागला.

“बटण सोडा, आबा.”

“धरलंय कुठं?”

“बटणावरचा हात काढा म्हणतोय मी.”

त्यांनी दोन्ही हात वर केले. पोलिसांनी पकडल्यासारखे. मी पुन्हा सुई टेकवली. बल्ब पुन्हा लागला.

बटणाला कुणाचंच बोट नव्हतं आणि मोटरला हुकूम जात होता, काच वर घे. चावी चालू असेपर्यंत सतत. काच आधीच वर असल्यामुळे ते कुणाला दिसत नव्हतं, एवढंच. आता अशा वेळी तुम्ही बटण खाली दाबलंत, तर दुसऱ्या वायरीलाही करंट मिळतो. दोघे जण दाराच्या दोन बाजूंनी सारख्या जोरानं ढकलायला लागले तर दार जसं हलत नाही, तशी मोटर हलत नाही. तुम्ही कितीही दाबा.

म्हणजे मोटर ठीक होती. काच खाली येत नव्हती ती पॅनलमुळे. दोष सापडला की मला जरा चढते, तशी तेव्हाही चढली. मी ऐटीत चावी बंद करायला लावली, मोटरपाशी असलेला वायरींचा जोड ओढून काढला आणि बरोबर आणलेल्या छोट्या बॅटरीवरून मोटरला थेट करंट द्यायची तयारी केली. काच एकदा खाली घेतली की निम्मं काम झालं.

काचेला आधार म्हणून मी एक हात वर धरला होता. तेव्हा दिसलं, की वरच्या रबरात, जिथं काच जाऊन बसते तिथं, काळे दोरे अडकलेत. पावसाचं पाणी गळू नये म्हणून लोक तिथं चिंध्या कोंबतात. मी मनातल्या मनात आबांना एक शिवी हासडली आणि वायर जोडली.

काच कुरकुरली, आणि मग खाली आली. रबरातली चिंधी सुटून माझ्या मनगटावर पडली.

ती चिंधी नव्हती. ते केस होते. एका लहान मुलीच्या वेणीचा बोटभर तुकडा, दोन्हीकडून कापलेला, आणि त्यावर लाल रिबिनीची चपटी झालेली गाठ.

मी हात झटकला. साप पडल्यावर झटकावा तसा. वायर सुटली, पाना खाली पडला. इतकी वर्षं मी दारं उघडतोय. आत नाणी सापडलीत, लॉटरीची तिकिटं सापडलीत, एकदा एका नवरदेवाची अंगठी सापडली. केस कधी सापडले नव्हते. मी पायरीकडे बघितलं. स्कार्फवाली मुलगी आता माझ्याकडे बघत होती, आणि तिनं दोन्ही हातांनी स्कार्फ घट्ट धरला होता.

“आबा,” मी म्हणालो, “हे काय आहे?”

आबा गाडीतून उतरले. त्यांनी तो तुकडा जमिनीवरून उचलला आणि शर्टाच्या खिशात टाकला. सकाळपासून पहिल्यांदाच ते हळू आवाजात बोलले.

“पोरीम्होरं नगं. हिकडं या.”

गोठ्याच्या आडोशाला त्यांनी सांगितलं ते असं. आदल्या दिवशी संध्याकाळी नातीला, ओवीला, घेऊन ते रानातून आले. गाडी अंगणात लावली. ओवीला गाणं पुरतं ऐकायचं होतं, म्हणून गाडी चालूच ठेवली आणि हे म्हशींना वैरण टाकायला गोठ्याकडे गेले.

“पोरगी मागच्या खिडकीतनं डोस्कं भाईर काढून रेडकू बगत हुती. मी इळा घेऊन उतरलो, दोन पावलं टाकली, आन् मागनं आवाज आला, घर्रर्र. वळून बगतो तर काच वर चाललीया. गाडीत फुडं कुणी न्हाई. बटनाला कुणी न्हाई. मी वरडलो, ओवे, आत हो! तिनं डोस्कं आत घेतलं. पर येणी भाईरच ऱ्हायली की वो.”

“मग?”

“मग काय. मी पळत जाऊन बटान दाबतोय, दाबतोय, काच खाली याना. पोरगी किचाळाय लागली. तिचं डोस्कं काचंला टेकलेलं. मला कायबी सुचंना. हातात इळा हुता. आतनं येणी कापली, मागनं भाईर लोंबणारं टोकबी कापून टाकलं.”

मी तिथंच गव्हाणीच्या कठड्यावर बसलो. वैरणीचा विळा, घाबरलेला म्हातारा, किंचाळणारं पोर आणि कानापासून बोटभर अंतर. आणि वेणीच्या जागी मान असती तर? तिनं हाक ऐकायला जरा उशीर केला असता तर? आबांनाही तेच दिसत असणार.

एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. काही गाड्यांत ड्रायव्हरच्या काचेला अशी सोय असते, की मधे काही आलं की काच आपोआप उलटी फिरते. मागच्या काचांना बऱ्याच गाड्यांत ती सोय नसते. आणि लहान मुलांना आपण कुठं बसवतो? मागं.

“पण ती सुरू कशी झाली आपोआप?” मी विचारलं. “त्याआधी पॅनलला काय केलंत?”

“काय न्हाई.”

“आबा, पॅनल धुतलंय तुम्ही. खरं सांगा.”

मी जाऊन पॅनल दारातून उचकटलंच. वरून चकाचक आणि खालून तपकिरी चिकट थर. मुंग्या ओळीनं आत-बाहेर करत होत्या. मी वास घेतला. वास ओळखायला कोल्हापुरात कुणाला शिकवावं लागत नाही. काकवी. उसाचा रस कढून गूळ व्हायच्या आधी जो दाट पाक होतो ना, तीच.

आबांच्या भावकीतल्या कुणाचं गुऱ्हाळ चालू होतं. ओवीला चपातीबरोबर काकवी लागते, म्हणून आबांनी बाटली भरून आणली आणि दाराच्या कप्प्यात उभी ठेवली. बूच सैल राहिलं. रस्त्यात खड्डा आला आणि काकवी उसळून बटणांवर सांडली.

“पर मी धुतली की!” आबांचा आवाज परत चढला. “आसं न्हाई की तशीच ठेवली. कडकडीत पाणी वतलं. एक तांब्या, दोन तांबे. जवानीत गुऱ्हाळावर राबलोय मी. काकवी कडकडीत पाण्याबिगर निघतच न्हाई!”

ते खोटं बोलत नव्हते. गुऱ्हाळावरची भांडी कडकडीत पाण्यानंच धुतात. काकवी पातळ होते आणि वाहून जाते. इथंही ती पातळ झाली आणि वाहून गेली, फक्त बाहेर नाही, बटणांच्या आत. पाणी वाळलं, साखर आत राहिली. मागच्या डाव्या बटणाची स्प्रिंग त्यात रुतली. आबा गाडीतून उतरले तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या बाहीनं ते बटण वर उचललं गेलं असणार. एरवी उचललेलं बटण क्षणात मागं येतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. या वेळी वरून बटण मागं आलं, पण आतली ‘वर’ची पट्टी चिकटलेलीच राहिली. आबा गोठ्याकडे चालत निघाले आणि त्यांच्या पाठीमागं काच वर निघाली.

मी हे सगळं सांगितलं.

आणि मग मी ते विचारलं. विचारावंसं वाटत नव्हतं. म्हातारा आधीच अर्धा झाला होता. पण गाडी तिथंच राहणार होती, पोरगी पुन्हा सुटीला येणार होती, आणि नुसतं पॅनल बदलून मी निघून गेलो असतो तर मला झोप लागली नसती.

“आबा, काच वर निघाली तेव्हा चावी का नाही बंद केलीत?”

काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्या पुढं आल्या.

“चावी बंद केली आस्ती तर काय झालं आस्तं?”

“खाली आली नसती, पण जिथल्या तिथं थांबली असती. चावी काढली की काचेतला जीव जातो, काकू. बटण कसंही असो.”

काकूंनी बशी खाली ठेवली. “आन् हे बटान दाबत बसलं,” त्या म्हणाल्या. “मीबी तितंच हुतो. मीबी दाब दाब म्हणत हुतो.”

आबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी त्यांना पाणी दिलं. खरंच सांगतो, मलाही त्या वेळी चावी सुचली असती का, कोण जाणे. बटणानं सुरू झालेलं बटणानंच थांबणार, असं माणसाला वाटतं.

नवीन पॅनल बसवलं. जुनं पॅनल मी अंगणातल्या दगडावर ठेवलं आणि हातोडीनं त्याचा भुगा केला. एरवी जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात देतो. हा देणार नव्हतो. कुणीतरी परत धुऊन बसवला असता.

मग मी वैरणीतलं मक्याचं एक हिरवं धांड घेतलं, मागच्या खिडकीच्या कडेवर आडवं धरलं आणि आबांना बटण वर ओढून धरायला सांगितलं. काच आली आणि धांडाला भिडली. मागं फिरली नाही. करकर आवाज करत तिनं धांड चेचलं. काकूंनी तोंड फिरवलं.

“आता बोट काढा.”

बोट काढलं, काच थांबली.

“परत ओढा, आणि ओढलेलंच ठेवून चावी बंद करा.”

चावी बंद झाली, काच थांबली. हे मी दोघांकडूनही करून घेतलं. पुनःपुन्हा, कंटाळा येईपर्यंत.

तेवढ्यात काकूंनी मला बाजूला घेतलं. “मिस्त्री, एक काम करा. आमच्या लेकीम्होरं, वैशालीम्होरं, कायबी बोलू नगा. उवा झाल्या म्हणून केस कापलं, आसं सांगणार हाय मी. तिला कळलं, तर ती पोरीला परत हितं धाडायची न्हाई.”

वाटेत कुणाला काचेतले केस दिसू नयेत, म्हणून गाडी दारातून हलवायची नव्हती. म्हणून डोक्याला स्कार्फ, आणि म्हणून कान दुखत होता.

“काकू, मी काच नीट करायला आलोय,” मी म्हणालो, “वेणी लपवायला नाही.”

“तुमच्या पाया पडतो.”

“पडू नका. मी आपण होऊन सांगणार नाही. पण तिनं मला विचारलं, तर खोटंही बोलणार नाही.”

मी नवीन काम केलं की रस्त्यावर ट्रायल घेतो. आबांना स्टँडवर जायचंच होतं, तेव्हा मीही गाडीत बसलो. ओवीला बोलावलं, आईला आणायला चल म्हणून. ती पायरीवरून उठून सरळ घरात निघून गेली. सुटीवर आल्यापासून ती रोज याच गाडीत, याच खिडकीशी बसून रानात जायची, असं काकू म्हणाल्या होत्या.

स्टँडवर नेहमीचीच गर्दी होती. वैशाली एसटीतून उतरली. जयसिंगपुरात शाळेत शिकवते. हातात बॅग, खांद्याला पर्स, आणि उतरता उतरता नजर आमच्या मागं, पोरीला शोधत.

“आबा, ओवी कुठाय?”

“घरात हाय.”

“का? बरोबर का नाही आली ती?”

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. खिशातल्या तुकड्याजवळ त्यांचा हात गेला, परत खाली आला. आता उवांचं सांगणार, असं मला वाटलं.

“वैशे,” आबा म्हणाले, आणि एकदम त्यांचा मूळचा आवाज लागला. रानातून बांधापलीकडे हाक मारायचा आवाज. “ओवीची येणी काचंत घावली! काच आपसूक वर आली! मी इळ्यानं कापली येणी! पोरगी बरी हाय, कायबी झालं न्हाई तिला, पर मान बी घावली आस्ती! माजी चूक हाय. मी काकवी सांडली, आन् मीच पाणी वतलं!”

सगळा फलाट बघायला लागला. भेळवाल्याचा हात थांबला. कुणीतरी “काय झालं वो, काय झालं?” म्हणत पुढं आलं. आबांनी खिशातून तो तुकडा काढून लेकीपुढं धरला, लाल गाठीसकट.

वैशाली तिथंच बॅगेवर बसली. केसांना तिनं हात लावला नाही. स्वतःच्या गळ्याला लावला.

“कधी झालं हे?”

“काल सांजच्याला.”

“आणि मला आत्ता सांगताय? रात्री फोनवर बोलला तुम्ही माझ्याशी! जेवली का विचारलं, हो म्हणाला. झोपली का विचारलं, हो म्हणाला!”

“सांगितलं आस्तं तर तू पोरीला परत धाडली नसतीस.”

वैशाली उठली, मला नाव-गाव काही न विचारता म्हणाली, “तुम्ही दुरुस्त केलीत का?”

“हो.”

“पुन्हा होणार नाही कशावरून?”

मी सांगायला लागलो. जुनं पॅनल, नवं पॅनल, स्प्रिंग, टेस्ट लॅम्प. तिनं मधेच तोडलं.

“ती कुठल्या खिडकीशी बसली होती?”

“मागं, डावीकडे.”

“तुम्ही बसा तिथं. काच खाली करा आणि हात बाहेर काढून बसा. घरापर्यंत.”

हे तिनं मोठ्यानंही म्हटलं नाही आणि रागानंही नाही. मी बसलो. माझ्या धंद्यात गिऱ्हाइकं गॅरंटी मागतात, बिल मागतात. हात कुणी मागितला नव्हता. स्टँडपासून कळंब्यापर्यंत मी कोपर बाहेर टाकून बसलो होतो. पॅनल माझं, काम माझं, माझ्या डोळ्यांसमोर तपासलेलं. तरी प्रत्येक स्पीडब्रेकरला माझा खांदा आपोआप आत यायला बघत होता. भीती वाटत होती. ती शेवटपर्यंत गेली नाही.

अंगणात गाडी थांबली, तेव्हा ओवी पायरीवर आली. आईकडे धावली नाही. आधी माझ्या हाताकडे बघितलं.

“काका, काच वर आली का?”

“नाही आली.”

“का नाही आली?”

“आता बटण ओढून धरलं तरच येते.”

तिनं जरा विचार केला. “आणि चुकून कुणाचा धक्का लागला तर?”

या वयाच्या पोरीनं हे विचारावं! सकाळपासून या घरात मला कुणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता.

“मग चावी काढायची,” मी म्हणालो. “चावी काढली की काच थांबते.”

ओवी गाडीला वळसा घालून आबांच्या दाराशी गेली आणि तिनं हात पुढं केला.

“द्या.”

आबांनी चावी काढली. इंजिन थांबलं, गाणं थांबलं. त्यांनी चावी तिच्या तळहातावर ठेवली. तिनं मूठ मिटली, मागचं दार उघडलं, मला “सरका” म्हणाली आणि त्याच खिडकीशी येऊन बसली. मग कुठं वैशाली पुढं आली. तिनं उघड्या खिडकीतून हात घालून स्कार्फ सोडला. एका बाजूला वेणी, दुसऱ्या बाजूला वेडेवाकडे कापलेले केस. आबांनी मान वळवली. ओवी रेडकाला हाक मारत होती.

पुढच्या सुटीत ती आली का, हे मी दूधवाल्याला विचारलं होतं. आली, म्हणाला. आता रेडकाला पाणी पाजायला गाडीतून उतरायचं असलं तरी आबा आधी चावी काढतात आणि खिडकीतून नातीच्या हातात देतात. गाणं ऐकायला मिळत नाही म्हणून ती कुरकुरते म्हणे, पण चावी काही सोडत नाही.

माझंही एक बदललंय. काच खाली येत नाही, अशी तक्रार घेऊन कुणी गॅरेजला आलं, की मी आधी चावी काढून घेतो आणि विचारतो, त्या खिडकीशी कोण बसतं? गिऱ्हाइकाला वाटतं, मिस्त्री गप्पा मारतोय. उत्तरात लहान मुलाचं नाव आलं, तर मी हत्यारं काढायच्या आधी वरच्या रबरात बघतो.